तिरक्या आरशांच्या सिस्टिमचं डिझाइन कुठून सुरू करायचं?

तिरकीनजर: तीन आरशांचा टेलिस्कोप डिझाइन करतोय, सेकंडरीची (दुसऱ्या आरशाची) सावली नको म्हणून सगळे आरसे तिरके केलेत. झीमॅक्समध्ये (ऑप्टिक्स डिझाइनचं सॉफ्टवेअर) टिल्ट, वक्रता सगळं मोकळं सोडलं तर मध्यभागी इमेज ठीक येते पण कडेला अॅस्टिगमॅटिझम (दोन दिशांचे किरण वेगवेगळ्या अंतरावर फोकस होण्याचा दोष) काही जात नाही. सरळ फ्रीफॉर्म (गोल सममिती नसलेला आरसा) टाकू का?

भिंगवाले काका: घाई नको रे. आधी स्पॉट साइज (इमेजमधल्या ठिपक्याचा आकार) सोड आणि प्रत्येक दोष फील्डभर (दिसणाऱ्या पूर्ण भागात) कसा पसरलाय ते बघ. शॅक आणि थॉम्प्सनची नोडल थिअरी वाच, गोल सममित आरसे नुसते तिरके केले की नवीन जातीचे दोष येत नाहीत, प्रत्येक आरशाच्या दोषाचं केंद्र फील्डमध्ये सरकतं, म्हणून अॅस्टिगमॅटिझम शून्य व्हायच्या जागा एकाऐवजी दोन होतात. मग फ्रीफॉर्म कुठे हवा ते कळतं. स्टॉपवरच्या (प्रकाशाचा झोत जिथे मर्यादित होतो तिथल्या) आरशाला अॅस्टिगमॅटिझमची झर्निके टर्म (आरशाचा आकार सांगणारं गणिती पद) दिली तर पूर्ण फील्डला सारखीच भर पडते, स्टॉपपासून लांबच्या आरशाला कोमाची (ठिपक्याला धूमकेतूसारखी शेपटी आणणारा दोष) दिली तर फील्डप्रमाणे बदलणारा अॅस्टिगमॅटिझमही मिळतो.

रात्रपाळी: +१. आणि टिल्ट कुठल्या दिशेला हे आधी कागदावर ठरव, चुकीच्या घडीतून (आरशांच्या मांडणीतून) ऑप्टिमायझर बाहेर येत नाही (माझं मत, पण ठाम आहे).

आरसाघाशा: हौस असेल तर कुटरचा दोन आरशांचा शीफश्पीगलर (तिरक्या आरशांचा टेलिस्कोप) बघा, फोकल रेशो (फोकल लांबी भागिले आरशाचा व्यास) एफ/20 च्या पुढे, म्हणून साधे गोलीय आरसे चालून जातात. फ्रीफॉर्म घासणार कोण आणि मोजणार कशावर?

तिरकीनजर: एफ/4 हवाय हो 😅 टिल्टपासूनच परत बसतो