शब्दचर्चा : माशांतली 'चेतासंप्रेरके' आणि 'रक्तदाब'

प्रश्न : मत्स्यशास्त्राच्या मजकुराचं भाषांतर करतेय. 'ब्रेन हार्मोन्स'साठी 'मेंदूतील संप्रेरके' चालेल का? शिवाय 'व्हॅसोटोसिन' आणि 'युरोटेन्सिन'ला मराठी प्रतिशब्द आहेत का? दुसऱ्यासाठी 'मूत्रताणक' सुचवलं गेलंय.

उत्तर : 'मूत्रताणक' कृपया नको! इथला 'युरो' मूत्राचा नाही, ग्रीक 'उरा' म्हणजे शेपटीचा आहे. माशाच्या मेरुरज्जूच्या शेपटाकडच्या टोकाला 'युरोफायसिस' नावाची गाठ असते. तिथल्या चेतापेशी युरोटेन्सिन रक्तात सोडतात, त्याने रक्तवाहिन्या आवळतात. म्हणजे ते केवळ मेंदूतून येत नाही, आणि 'मेंदूतील संप्रेरके' हा शब्द इथेच अपुरा पडतो. 'चेतासंप्रेरके' घ्या. चेतापेशीने तयार करून रक्तात सोडलेला पदार्थ, मग ती पेशी डोक्यात असो वा शेपटीत.

व्हॅसोटोसिन मात्र खरोखर मेंदूतलं. अधश्चेतकाच्या (मेंदूच्या तळाकडचा भाग, हायपोथॅलॅमस) पुढच्या भागातल्या पेशी ते बनवतात आणि त्या पेशींचे लांब तंतू ते पियुषिकेपर्यंत (मेंदूखालची ग्रंथी, पिट्युटरी) नेतात. नऊ अमिनो आम्लांची साखळी. आपल्या व्हॅसोप्रेसिनपेक्षा एकाच अमिनो आम्लाचा फरक, ऑक्सिटोसिनपेक्षाही एकाचाच. त्याला 'वाहिनीसंकोचक' म्हणावंसं वाटेल, पण ते वर्णन झालं, नाव नव्हे. वाहिन्या आवळणारे पदार्थ पुष्कळ आहेत. नाव देवनागरीत तसंच ठेवा, काम वाक्यात सांगा.

प्रश्न : मग 'व्हॅसोटोसिनमुळे हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतो' हे वाक्य बरोबर ना?

उत्तर : नाही. माणसाविषयी लिहिताना ही जोडी हाताला इतकी सवयीची झालीय की माशालाही आपोआप लावली जाते. ट्राउट माशाच्या रक्तात व्हॅसोटोसिन सोडलं की वाहिन्या आवळतात, कल्ल्यांतून रक्त जायला जास्त विरोध होतो, दाब चढतो. ठोके मात्र *मंदावतात*. दोन क्रियापदं वेगळी लिहा.

दुसरे उत्तर : 'रक्तदाब' शब्दही माशाच्या बाबतीत एकटा सोडू नये. त्याच्या हृदयात एकच अलिंद, एकच निलय. तिथून रक्त आधी पोटाकडच्या महारोहिणीतून कल्ल्यांत जातं आणि मग पाठीकडच्या महारोहिणीतून अंगभर. कल्ल्यांच्या बारीक वाहिन्यांतून जाताना बराच दाब खर्च होतो, म्हणून एकाच माशाचे दोन जागचे आकडे वेगळे येतात. 'पृष्ठ महारोहिणीतील रक्तदाब' असं पूर्ण लिहिलं तरच वाक्याला अर्थ येतो.

प्रश्न : आणि 'रेग्युलेट'साठी 'नियंत्रण' की 'नियमन'?

उत्तर : 'नियमन'. पाण्यातला प्राणवायू घटला की ट्राउटचं हृदय सावकाश पडतं, ते मुख्यतः व्हेगस चेतेमुळे (मेंदूकडून हृदयाकडे जाणारी नस), संप्रेरकामुळे नव्हे. 'संप्रेरके नियंत्रण करतात' म्हटलं की सगळा कारभार त्यांच्याच हाती असल्यासारखं वाटतं. 'नियमनात भाग घेतात' लिहा.