मदत हवी: रात्रपाळी खराब माल लपवते. कल्चरचं ट्रेनिंग देणारं बेळगावात कोणी आहे का?

मोल्डिंगवाला: उद्यमबागेत फाउंड्री आहे. रात्रपाळीवाले ब्लोहोल (वाफेची, हवेची भोकं) पडलेल्या कास्टिंगला लांबी (पुट्टी) भरतात, वर रंग मारतात आणि माल पुढे ढकलतात. गिऱ्हाईकाने मशीनिंगला लावल्यावर भोकं उघडी पडली, अख्खा लॉट परत आला. मीटिंगमध्ये विचारलं की सगळे जमिनीकडे बघतात. 'चुका लपवू नका' असा बोर्डही लावला. ट्रेनर माहीत असेल तर नंबर व्यनि (खासगी निरोप) करा. सोमवारच्या आत हवाय.

निवृत्त_फोरमन: ग्रीन सँड, म्हणजे ओलसर वाळूचे साचे ना? ओलावा 3-4 टक्क्यांच्या वर गेला की वाफ कोंडते, भोक पडणारच. रात्री वाळू कोण तपासतंय?

मोल्डिंगवाला: काका, वाळूचं मी बघतो. लपवतात का, ते विचारतोय.

निवृत्त_फोरमन: भोकच पडलं नाही तर लपवतील काय?

खानापूरची: माणसं किती? तुम्ही मालक की मॅनेजर? बोर्ड कुठल्या भाषेत?

मोल्डिंगवाला: साठेक. मॅनेजर. मालक म्हणजे माझे मामा. बोर्ड इंग्रजीत आहे, त्याचा काय संबंध?

सीमाभाग: संबंध नाही कसा? 1956 पासून आम्ही दुसरं काय सांगतोय!

गोकाकचा: झालं सुरू. आमच्यात मेल्टिंगला कन्नड, मोल्डिंगला मराठी, फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) बिहारी पोरं. शिवी मात्र तिघांनाही कळते की.

पगारपत्रक: साठ माणसं म्हणजे ईएसआय (कामगार विमा) लागू. 21,000 पर्यंत पगार असणाऱ्यांची नोंदणी झालीय ना?

मोल्डिंगवाला: झालीय. तो प्रश्नच नाही.

खानापूरची: रात्रपाळी रोजावर की ठेक्यावर? आणि याआधी कुणी स्वतःहून खराब माल दाखवला होता का? त्याचं काय झालं?

मोल्डिंगवाला: ठेक्यावर, किलोमागे पैसे. दिवाळीआधी एका पोराने दाखवला होता. मामांनी सगळ्यांसमोर झापलं आणि नुकसान त्याच्या पगारातून कापलं. पोरगा सोडून गेला. घरचा विषय म्हणून लिहिलं नव्हतं.

खानापूरची: मग ट्रेनिंग झालंय की! मामांनी दिलं, पाच मिनिटांत, फुकट. साठच्या साठ जण पास झाले.

पगारपत्रक: आणि बाजू मांडू न देता असं कापता येत नाही, कायद्याने.

वाचनवेडा: 1987 मध्ये पॉल ओनील अल्कोआचे प्रमुख झाले, तेव्हा गुंतवणूकदारांसमोर आधी नफ्याचं नाही, कामगारांच्या सुरक्षिततेचं बोलले. वरचा माणूस आधी काय विचारतो, तेच खालपर्यंत झिरपतं.

निवृत्त_फोरमन: ती ॲल्युमिनियमची कंपनी. इथे लोखंड ओततात.

खानापूरची: ट्रेनरचे पैसे वाचवा. त्या पोराचे कापलेले पैसे मामांनी स्वतः परत द्यावेत, तेही सगळ्यांदेखत. खराब मालाला लाल पेटी ठेवा. आपणहून पेटीत टाकलेल्या कास्टिंगची मजुरी कापू नका, ठेकेदारालाही तसंच सांगा. किलोवर पैसे मिळत असतील तर भोक दाखवणं म्हणजे आपल्याच ताटातली भाकरी उचलून देणं. आणि पहिला महिना मामांनी तोंड सांभाळावं, ते सगळ्यात अवघड.

गोकाकचा: लाल पेटी आम्हीही ठेवली. महिनाभर रिकामी होती, मग भरायला लागली. पहिल्यांदा भरली तेव्हा आमच्या साहेबांनाच घाम फुटला.

मोल्डिंगवाला: पेटी उद्या ठेवतो. पण मामांना सांगणार कोण? त्यांच्यासमोर मीसुद्धा जमिनीकडेच बघतो.

निवृत्त_फोरमन: वाळूचा रिपोर्ट अजून टाकला नाहीत.