मदत हवी आहे: शस्त्रनिर्यात परवान्यात मानवाधिकारांचा निकष

एलएलएमच्या सेमिनारसाठी ब्रिटन-भारत तुलना करतेय. ब्रिटनचं सापडलं: मानवतावादी कायद्याच्या गंभीर भंगाचा 'स्पष्ट धोका' असेल तर परवाना नाही. येमेनमधल्या सौदी हल्ल्यांमुळे तिथल्या अपील न्यायालयाने जून २०१९ मध्ये सौदीसाठीच्या परवान्यांची प्रक्रिया बेकायदा ठरवली. (पुढच्या वर्षी नवे परवाने पुन्हा सुरू, मैत्री सांभाळायची ना!) इस्रायलला होणारी निर्यात थांबवण्याची याचिका आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये फेटाळली, परराष्ट्र धोरण सरकारचा विषय, म्हणून. शस्त्रव्यापार करारावर भारताची सही नाही, हे माहीत आहे. स्कोमेटचे (निर्यातीवर नियंत्रण असलेल्या शस्त्रं व दुहेरी वापराच्या वस्तूंची भारताची यादी) निकष वाचले. त्यात अंतिम वापर, दहशतवाद्यांच्या हाती पडण्याचा धोका वगैरे आहे. बातम्या नकोत, दस्तऐवज हवा. खरेदीदार देशातली मानवाधिकार स्थिती तपासायला लावणारं कलम किंवा संरक्षण उत्पादन विभागाची कार्यपद्धती कुठे आहे का?