श्रद्धा, नास्तिक मुलं, मतदान आणि म्हातारपण : कॅथलिकांचा अनुभव धागा

धागा सुरू करताना

वय वाढतं तसे चार विषय एकमेकांत गुंततात: कोरडी पडत चाललेली प्रार्थना, चर्च सोडलेली मुलं, राजकारणावरून घरात होणारी भांडणं आणि समोर दिसणारा शेवट. या सगळ्यांवर चर्चचे बरेच स्पष्ट नियम आहेत. ते माहीत नसले की माणसं नको ती ओझी वाहतात आणि हवं ते राहून जातं. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवसांच्या उपवासाचंच घ्या. वयाला ५९ पूर्ण झाली की हे बंधन संपतं. मांस वर्ज्य करण्याचं बंधन मात्र १४ पूर्ण झाल्यापासून कायम असतं. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन पंचाहत्तरीत उपाशी राहा, असं चर्च कुणालाही सांगत नाही. कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये मिळणारी पवित्र भाकरी, घेण्याआधीचा एक तासाचा उपवासही म्हातारे, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांच्यावर बंधनकारक नाही (कॅनन, म्हणजे चर्चच्या कायद्याचं कलम, ९१९). असंच नेमकं लिहा.

आजाऱ्यांना घरी कम्युनियन नेणारा सेवक

सगळ्यात जास्त गोंधळ तैलाभ्यंगाचा, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून फादर देतात त्या संस्काराचा. फादर दारात आले म्हणजे आता संपलं, ही समजूत अजून जात नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६३ मध्येच स्पष्ट केलं की हा संस्कार केवळ मरणाच्या टोकावरच्यांसाठी नाही. आजाराने किंवा वयाने जिवाला धोका सुरू झाला, की तो घेण्याची वेळ आलीच. मोठ्या शस्त्रक्रियेआधी घ्यावा. फार थकलेल्या वृद्धाला ठळक आजार नसला तरी चालतं. बरं होऊन पुन्हा आजारी पडलं, किंवा त्याच आजारात प्रकृती जास्त बिघडली, तर परत घेता येतो.

चूक होते ती थांबून राहण्यात. 'फादरांना बघून बाबा घाबरतील' म्हणत घरचे व्हेंटिलेटर लागेपर्यंत बोलवत नाहीत. शुद्ध असेल तर आधी पापनिवेदन, मग कपाळाला आणि तळहातांना तेल, मग व्हिआटिकम, म्हणजे मरणाच्या वाटेवरचं कम्युनियन, असा पूर्ण क्रम होतो. शुद्ध हरपली की पापनिवेदन आणि कम्युनियन दोन्ही हातचं जातं, फक्त अभ्यंग उरतो. प्राण गेल्याची खात्री झाल्यावर तोही देत नाहीत. शंका असेल तर देतात. फोनवर फादरांना तीन गोष्टी आधी सांगा: शुद्ध आहे का, गिळता येतं का, बोलता येतं का. मरणाच्या वेळचा अपोस्टोलिक आशीर्वादही (पोपच्या अधिकाराने फादर देतात तो) आठवणीने मागा. घाईत तोच राहतो.

घरी कम्युनियन येणार असेल तर टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पाण्याचा पेला ठेवा. खोलीत ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती अजिबात पेटवू नका. तोंड कोरडं असेल तर पवित्र भाकरीचा अगदी लहान कण आणि लगेच चमचाभर पाणी. पण गिळताना ठसका लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण पातळ पाणीच श्वासनलिकेत जाण्याची भीती जास्त असते. घन काहीच जात नसेल तर फक्त द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन देता येतं (कॅनन ९२५). हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून रुग्ण महिनोन्महिने कम्युनियनवाचून राहतात.

आणि रविवारच्या मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची, रुखरुख सोडा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ते बंधन उरतच नाही. टीव्हीवरची मिस्सा प्रार्थना म्हणून उत्तम, पण ती पाहून कसली भरपाई करायची नसते.

अतिदक्षता विभागातली परिचारिका

'मला नळ्या नकोत' एवढंच कागदावर लिहून ठेवू नका. पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्येच सांगितलं होतं की जीव वाचवण्यासाठी असाधारण उपायांची सक्ती नाही, आणि वेदना शमवणं हाच हेतू असेल तर आयुष्य थोडं कमी होण्याचा धोका पत्करूनही औषध देता येतं. त्यामुळे मॉर्फिन म्हणजे दयामरण, ही भीती काढून टाका. फक्त अन्न-पाण्याचा विचार वेगळा करावा लागतो. शरीर ते पचवतंय तोवर, नळीतून का असेना, ती साधी सेवा समजली जाते. शरीर ते घेईनासं झालं किंवा त्यानेच त्रास वाढू लागला तर थांबवता येतं.

म्हणून कागदावर व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय चालू करणं आणि नळीतून अन्न यांचा वेगवेगळा उल्लेख करा. निर्णय घेणाऱ्या एकाच माणसाचं नाव लिहा. तिघांची नावं लिहिली की आयसीयूच्या दारात वाद ठरलेला. फादरांना कधी बोलवायचं तेही त्याच कागदावर येऊ द्या. अवयवदानाला चर्चची आडकाठी नाही, इच्छा असेल तर तीही नोंदवा. हा कागद कायद्याने कसा पक्का करायचा ते प्रत्येक देशात वेगळं असतं, वकिलाला विचारून घ्या.

कॅनन लॉ शिकवणारे

नास्तिक झालेल्या मुलांबद्दल दोन गोष्टी. बाप्तिस्मा झालेल्या मुलाने चर्च सोडलं तरी विवाहाच्या नियमांपुरता तो कॅथलिकच धरला जातो. रीतसर बाहेर पडलेल्यांना पूर्वी सूट होती, ती २००९ च्या आदेशाने काढली गेली. त्यामुळे त्याने फक्त नोंदणी पद्धतीने केलेलं लग्न चर्चच्या दृष्टीने वैध नसतं. पुढे जोडीदारांपैकी कुणाला ते चर्चमध्ये नीट करून घ्यावंसं वाटलं, आणि दुसरा पुन्हा शपथ घ्यायला तयार नसला, तरी वाट आहे. मूळ संमती टिकून असेल तर नवा विधी न करता लग्न मुळापासून वैध करता येतं. त्यासाठी अर्ज बिशपांच्या कार्यालयाकडे करायचा. मुलालाच ते नको असेल तर दर सणाला विषय काढू नका. त्याने लग्न वैध होत नाही, फक्त मुलाचं येणं कमी होतं.

दुसरी गोष्ट नातवंडांची. न्हाणीघरात गुपचूप पाणी ओतून बाप्तिस्मा देणाऱ्या आज्या प्रामाणिक असतात, पण ते करू नये. जिवावर बेतलेलं नसताना आईवडिलांपैकी किमान एकाची संमती लागते (कॅनन ८६८). शिवाय असा बाप्तिस्मा कुठल्याच नोंदवहीत नसतो. पुढे पहिलं कम्युनियन किंवा लग्न आलं की सगळा घोळ होतो.

कॅथलिक घरातला नास्तिक

आईसाठी फादरांना बोलावणं म्हणजे स्वतःची मतं सोडणं नव्हे. ती तिची इच्छा आहे आणि ती पुरी करणं आपलं काम. ती बेशुद्ध असली तरी तिने शुद्धीत असताना हे मागितलं असतं, एवढं फादरांना पुरतं (कॅनन १००६). मिस्सात सगळ्यांबरोबर उभं राहावं, बसावं. कम्युनियन मात्र घेऊ नये. रांगेत न जाता बाकावरच थांबलेलं कुणाला खटकत नाही. आपल्या स्वतःच्या अंत्यविधीत प्रार्थना हव्यात की नकोत, तेही घरच्यांना आधीच स्पष्ट सांगावं.

पालकांसाठी एक विनंती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या 'गॉडियम एत स्पेस' या दस्तऐवजाचे १९ ते २१ हे परिच्छेद वाचा. नास्तिकता वाढण्यात श्रद्धावंतांचाही वाटा असू शकतो, हे परिषदेने स्वतःच तिथे लिहिलं आहे. मुलाशी बोलण्याची सुरुवात तिथून केली तर तो ऐकतो.

प्रौढांच्या धर्मशिक्षण वर्गातून

'गॉडियम एत स्पेस'चाच ४३वा परिच्छेद राजकारणावरून भांडणाऱ्यांनी वाचावा. दोन प्रामाणिक ख्रिस्ती एकाच प्रश्नावर वेगळ्या निष्कर्षाला येऊ शकतात, आणि आपल्या मतामागे चर्चचा अधिकार उभा करण्याचा हक्क दोघांनाही नाही. चर्च तत्त्वं देतं, पक्ष देत नाही. गर्भातला जीव, मजुराचं वेतन, निर्वासित, धर्मस्वातंत्र्य, पर्यावरण आणि २०१८ पासून पूर्णपणे अमान्य ठरवलेला मृत्युदंड, या सगळ्यांवर खरा उतरणारा पक्ष सहसा मिळत नाही. उमेदवाराची चुकीची भूमिका आवडते म्हणून मत देणं हे त्या चुकीत सामील होणं. ती भूमिका नापसंत असूनही दुसऱ्या तितक्याच गंभीर कारणासाठी मत देणं वेगळं. ते कारण खरंच तितकं वजनदार आहे का, हे मात्र स्वतःशी तपासावं लागतं.

'पोप म्हणाले' असा संदेश फोनवर आला तर दस्तऐवजाचं नाव, तारीख आणि परिच्छेद शोधा. सापडत नसेल तर पुढे पाठवू नका. दुसऱ्या समाजाबद्दल खोटं पसरवलं गेलं असेल तर फक्त पापनिवेदनाने भागत नाही. आठव्या आज्ञेत भरपाईही येते. ज्या गटात ते पाठवलं, त्याच गटात 'हे खोटं होतं' असं लिहावं लागतं.

एकांतवास घेणाऱ्या धर्मभगिनी

वयाबरोबर प्रार्थनेत काहीच वाटेनासं झालं म्हणजे श्रद्धा गेली असं नाही. फ्रान्सच्या धर्मभगिनी संत तेरेजा ऑफ लिझ्यू यांनी आयुष्याचे शेवटचे जवळपास अठरा महिने स्वर्गाबद्दलच्या अंधारात काढले. संत मदर तेरेसांची तशीच पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. दोघींनीही प्रार्थना सोडली नाही. पूर्ण जपमाळ झेपत नसेल तर एकच दशक (दहा मण्यांचा एक भाग), ठरलेल्या वेळी, बसून. झोप लागत असेल तर जेवणाआधी. स्तोत्रं मोठ्याने वाचा, लक्ष भरकटत नाही. आणि आधी झोप, औषधं, ऐकू येणं तपासून घ्या. नैराश्याला श्रद्धेतली परीक्षा समजून उपचार लांबवले जातात, हे फार नुकसानीचं आहे.

दफनभूमीचं काम पाहणारे

दहन १९६३ पासून चालतं, दफनाला पसंती आहे इतकंच. व्हॅटिकनच्या २०१६ च्या सूचनेनुसार राख पवित्र जागी ठेवायची. उधळायची नाही, लॉकेटात घालायची नाही. २०२३ मध्ये थोडी सवलत मिळाली: मृताच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठिकाणी राखेचा अगदी लहान भाग ठेवण्याचा विचार चर्चचे अधिकारी करू शकतात. ती परवानगी आधी लागते. भावंडांनी राख वाटून घेतल्यावर विचारायला येऊ नका.