मदत हवी आहे : सीटी स्कॅनची सीडी दुसऱ्या शहरातल्या सर्जनना ऑनलाइन कशी पाठवायची?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वडिलांचा पोटाचा सीटी (कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसण्याचं औषध शिरेतून देऊन) सांगलीत झाला आहे. स्वादुपिंडात गाठ आहे. मुंबईच्या सर्जनना फिल्म खिडकीच्या काचेला लावून काढलेले फोटो व्हॉट्सअ‍ॅप केले, तर तिकडून एवढंच उत्तर आलं : "डायकॉम पाठवा." म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइली, एवढं कळलं.

सेंटरने दिलेली सीडी कॉपी करून घेतली आहे. आत एक ईएक्सई फाइल, व्ह्यूअरचं (चित्रं बघायच्या प्रोग्रामचं) फोल्डर, 'डायकॉमडीर' नावाची एक फाइल आणि 'डायकॉम' नावाचं फोल्डर आहे. त्या फोल्डरमध्ये ४१२ फाइली, एकूण २०७ एमबी. एकीलाही एक्सटेन्शन नाही आणि डबल क्लिक केलं तर एकही उघडत नाही. ईमेलला २५ एमबीची मर्यादा आहे. व्ह्यूअरमधून जेपीजी काढून पाठवले तर चालतील का? आणि फाइलींत वडिलांचं नाव आहे, ते काढावं का? जाणकारांनी कृपया सांगावे.

राखाडी

जेपीजी नको. सीटीच्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो : हवा उणे १०००, पाणी ०, हाडं कित्येक शेकड्यांपासून हजाराच्या वर. हा पल्ला एकाच वेळी पडद्यावर दाखवला तर पोटातलं सगळं एकसारखं करडं दिसेल. म्हणून डॉक्टर 'विंडो' लावतात, म्हणजे आकड्यांचा हवा तेवढाच पट्टा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांत दाखवतात. पोटासाठी साधारण रुंदी ४०० आणि मध्य ४०, फुप्फुसासाठी रुंदी १५०० आणि मध्य उणे ६००. जेपीजीत करड्याच्या २५६ छटाच उरतात, त्याही सेंटरने जी विंडो लावली असेल तिच्या. स्वादुपिंडाची गाठ आणि शेजारचा चांगला भाग यांच्यात कधीकधी थोड्याच आकड्यांचा फरक असतो. तो पाहायला सर्जनना विंडो अरुंद करावी लागते आणि जेपीजीवर ते होत नाही.

फिल्मच्या फोटोची गत याहून वाईट. १४ बाय १७ इंचाच्या एका फिल्मवर वीस-तीस चौकटी, त्यात काचेची चमक आणि मागच्या इमारतीची सावली.

झिपाळू

आता पाठवायचं कसं ते.

फाइलींना एक्सटेन्शन नाही म्हणून घाबरू नका, डायकॉम असंच असतं. आधी साइज बघा. बहुतेक फाइली ५१३ ते ५३० केबीच्या दरम्यान असतील तर माल अस्सल आहे. ५१२ गुणिले ५१२ ठिपके, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे बरोबर ५१२ केबी, वर नाव-तारखेचा मजकूर. ४०-५० केबीच्या डॉट जेपीजी फाइली असत्या तर सेंटरने नुसते स्क्रीनशॉट दिलेत असं समजायचं आणि सीडी परत मागायची.

डायकॉम फोल्डर आणि डायकॉमडीर दोन्ही एका नव्या फोल्डरमध्ये घ्या. डायकॉमडीर ही अनुक्रमणिका आहे, कोणती फाइल कुठे आहे ते तिच्यात लिहिलेलं असतं. त्यामुळे आतल्या कुठल्याच फाइलीचं वा फोल्डरचं नाव बदलायचं नाही. ईएक्सई आणि व्ह्यूअर वगळा. झिपमध्ये ईएक्सई दिसली की जीमेल ती अडवतं, आणि अनोळखी ईएक्सई हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर कोणी चालवूही देत नाही. बाहेरच्या नव्या फोल्डरला मात्र नाव द्या : रुग्णाचं नाव, सीटी पोट, तारीख. मग राइट क्लिक करून झिप करा. सीटी झिपमध्ये साधारण निम्म्यावर येतो आणि गुणवत्ता तसूभरही घटत नाही.

ही झिप व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून जाते, २ जीबीपर्यंत चालते. पण डॉक्टर व्हॉट्सअ‍ॅप फोनवर बघणार आणि झिप उघडणार कॉम्प्युटरवर, तिथेच ती अडकते. म्हणून गूगल ड्राइव्हवर टाकून लिंक द्या. फोल्डर चढवू नका, एकच झिप चढवा. सुटं फोल्डर चढवलं की पलीकडचा माणूस एकेक फाइल उघडायला जातो, 'प्रीव्ह्यू उपलब्ध नाही' असं दिसतं आणि निरोप येतो की फाइल खराब आहे.

लिंकची परवानगी 'रिस्ट्रिक्टेड'वरून 'लिंक असलेल्या कोणालाही' करा आणि फक्त 'व्ह्यूअर' ठेवा. नाहीतर असिस्टंटने क्लिक केल्यावर परवानगी मागणारा मेल तुमच्याकडे येणार आणि तो तुम्ही रात्री बघणार! पाठवण्याआधी लिंक इन्कॉग्निटो विंडोत उघडून बघा. झिप १०० एमबीच्या वर असेल तर ड्राइव्ह 'व्हायरस तपासता आला नाही' अशी सूचना दाखवतं. ती नेहमीचीच आहे, हे निरोपात आधीच लिहा.

कोकणी_खेकडा

एवढा खटाटोप कशाला? फोनमधल्या स्कॅनर अ‍ॅपने फिल्म स्कॅन करा, स्वच्छ येते.

राखाडी

@कोकणी_खेकडा, ती अ‍ॅप कागदासाठी आहेत. पांढरं आणखी पांढरं, काळं आणखी काळं करतात. इथे तर जीव करड्यातच आहे. हाताच्या साध्या फ्रॅक्चरचा एक्स-रे तातडीने दाखवायचा असेल तर फोटो चालेल. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडून फिल्म त्यापुढे दोन-तीन इंच अंतरावर धरा आणि फ्लॅश बंद ठेवा. अगदी चिकटवली तर फोटोत जाळी येते.

रात्रपाळी

पाठवण्याची रीत झिपाळूंनी सांगितलीच, पण मला शंका आहे ती मालाचीच. व्ह्यूअरमध्ये डाव्या बाजूला सिरीजची (चित्रांच्या एकेका संचाची) यादी दिसते. ती इथे लिहा, प्रत्येकीची स्लाइस जाडी (एकेक काप किती जाड) तीही लिहा. दुसरा व्ह्यूअर हवा असेल तर विंडोजवर मायक्रोडायकॉम, मॅकवर होरोस, वीसिस दोन्हीकडे चालतं.

कृष्णाकाठ

यादी अशी : टोपोग्राम २, प्लेन ९२, आर्टेरिअल ९२, पोर्टल व्हीनस ९२, डिलेड ९२, कोरोनल ४२. जाडी सगळीकडे ५ एमएम.

रात्रपाळी

तेच वाटलं होतं. नव्या वाचकांसाठी : टोपोग्राम म्हणजे स्कॅनआधीचं आखणीचं चित्र, प्लेन कॉन्ट्रास्टशिवाय, आर्टेरिअल, पोर्टल व्हीनस आणि डिलेड या कॉन्ट्रास्टनंतर वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या फेऱ्या (फेज), कोरोनल म्हणजे समोरून पाहिल्यासारखे काप. बेरीज ४१२ जुळते, म्हणजे कॉपी पूर्ण झाली आहे. पण ५ एमएम स्लाइस रिपोर्ट लिहायला ठीक. स्वादुपिंडाच्या ऑपरेशनआधी गाठ शेजारच्या रक्तवाहिन्यांना किती चिकटली आहे ते बघतात आणि त्याला पातळ स्लाइस लागतात. ५ एमएममध्ये गाठ आणि रक्तवाहिनीमधली चरबीची बारीक रेघ पुसली जाऊ शकते. मुंबईला पोहोचून 'सीटी पुन्हा करा' असं ऐकावं लागतं त्याचं हे एक ठरलेलं कारण, म्हणजे पुन्हा कॉन्ट्रास्ट आणि पुन्हा रेडिएशन.

मशीन मूळ डेटा पातळच घेतं, जाड स्लाइस त्यातून बनवतात. पण पातळ सिरीज जागा खातात, म्हणून सेंटर त्या काही दिवसांनी पुसून टाकतं. आजच फोन करा. काउंटरशी नको, सीटी टेक्निशियनशी बोला. नेमकं असं मागा : "आर्टेरिअल आणि पोर्टल व्हीनस, दोन्हींच्या एक किंवा सव्वा एमएमच्या थिन स्लाइस, डायकॉममध्ये." तुमचा ४६० एमएमचा पट्टा (९२ गुणिले ५) सव्वा एमएमने ३६८ स्लाइस होतो. दोन फेज मिळून ७३६ फाइली, पावणेचारशे एमबीच्या आसपास. ७०० एमबीच्या सीडीत आरामात मावतात, तेव्हा 'सीडीत बसत नाही' हे कारण ऐकून घेऊ नका. सेंटर क्यूआर कोड किंवा पोर्टलची लिंक देत असेल तर तिथून जेपीजी उतरतात की डायकॉम ते बघा. त्या लिंकची मुदतही विचारून ठेवा.

टाळाटाळ झाली तर लेखी अर्ज द्या. मागणी आल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहिता नियमांत आहे.

उलटतपासणी

नावाबद्दल : उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या फाइलीतून नाव काढू नका. तिकडे ती त्यांच्या सिस्टिममध्ये चढवतात, रिपोर्टशी आणि केसपेपरशी जुळवतात. बेनावी फाइल चुकीच्या रुग्णाच्या खात्यात जाण्याचा धोका जास्त मोठा. उलट पाठवण्याआधी व्ह्यूअरमध्ये नाव, वय, तारीख रिपोर्टशी ताडून पाहा. सेंटरला टायपिंगच्या चुका काही नव्या नाहीत. फरक असेल तर निरोपात लिहा.

नाव काढायचं ते ग्रुपवर किंवा अशा धाग्यावर टाकताना. त्यासाठी व्ह्यूअरमधला 'अनॉनिमाइझ' पर्याय आहे. सोनोग्राफीत मात्र नाव अनेकदा चित्रातच छापलेलं असतं आणि अनॉनिमाइझ केलं तरी ते तसंच राहतं.

फुकट ऑनलाइन व्ह्यूअर सांभाळून वापरा. काही फाइल ब्राउझरमध्येच उघडतात, काही स्वतःच्या सर्व्हरवर चढवून घेतात. पान उघडल्यावर वायफाय बंद करून फोल्डर टाका. चित्र दिसलं तर फाइल उघडायला सर्व्हर लागत नाही एवढं कळलं. तरी वायफाय चालू करण्याआधी टॅब बंद करा.

कृष्णाकाठ

मंडळी, मनापासून आभार. टेक्निशियनशी बोलणं झालं, डेटा अजून मशीनवर आहे. उद्या दुपारी दोन्ही सिरीज पेन ड्राइव्हवर देतो म्हणाले. आधीची ४१२ ची झिप आजच पाठवू, की थांबून दोन्ही एकत्र?

रात्रपाळी

आज जुनी पाठवा, सोबत रिपोर्टची पीडीएफ द्या आणि निरोपात लिहा : "५ एमएम आहेत, थिन स्लाइस उद्या संध्याकाळी वेगळ्या झिपमध्ये." पेन ड्राइव्ह रिकामा आणि फॉरमॅट करून न्या. भरलेला दिसला तर सेंटरवाले तो मशीनला लावणार नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

झिपाळू

आणि उद्याची झिप जुनीवर चढवू नका, नवी लिंक करा. काम झालं की लिंकची परवानगी परत 'रिस्ट्रिक्टेड' करा, पण फाइल डिलीट करू नका. पुढचा सीटी झाला की तुलनेसाठी हाच मागतील.