मदत हवी: एसटीने जाता येईल असं जुनं, दाट रान. सोबत ६७ वर्षांचे बाबा

सोनसळी

नमस्कार मंडळी. मी पुण्यात राहते. गाडी नाही, आणि फक्त फिरण्यासाठी ड्रायव्हरसकट भाड्याने घ्यायचीही नाही. बाबा निवृत्त झाल्यापासून रोज तळजाईच्या टेकडीवर चालतात. दम चांगला आहे. डावा गुडघा उतारावर कुरकुर करतो, चढावर गप्प असतो. किल्ल्यांवरून त्यांचं मन उडालंय. "दगड पुष्कळ पाहिले, आता झाडं दाखव," म्हणतात. आणि झाडं म्हणजे तळजाईवरचं लावलेलं गिरिपुष्प नव्हे. आपल्या पणजोबांच्याही आधीपासून उभं असलेलं, कुणी न लावलेलं रान त्यांना बघायचंय.

शोधाशोध करून दोन नावांपाशी आले आहे. एक, आंबेगाव तालुक्यातल्या आहुपे गावची देवराई. दुसरं, राजगुरुनगरकडून भोरगिरी आणि तिथून जंगलातून भीमाशंकर. दोन्हीकडे एसटी जाते एवढं कळलं. पण जे वाचायला मिळालं ते सगळं "सकाळी आपली गाडी काढा" छापाचं. गाडी नसलेल्या माणसाने जंगलात जाऊच नये असं बहुधा ठरलेलं असावं.

दिवाळीनंतर, आठवड्याच्या मधल्या वारी जायचा विचार आहे. एका दिवसात होईल का? परतीच्या एसटीचा भरवसा कुठे जास्त? वाट चुकण्यासारखी आहे का? आणि खरी मोठी झाडं नक्की कुठे आहेत? फोटोंत सगळं हिरवंच दिसतं, त्यावरून काही कळत नाही.

तिकिटाची काळजी नाही. बाबांना ६५ च्या वरचे म्हणून अर्धं आणि मला बाई म्हणून अर्धं. दोघांत मिळून एक माणूस जातो.

लालपरी_भक्त

एसटीने रानात जायचं तर माझा एकच नियम. जिथे दिवसाला मोजक्याच गाड्या जातात त्या गावात सकाळी उतरायचं, आणि जिथून गाड्या भरपूर सुटतात तिथे संध्याकाळी बाहेर पडायचं. उलटं केलंत तर चालताना सगळं लक्ष घड्याळाकडे राहतं.

त्या हिशोबाने तुमचं उत्तर भोरगिरी. पुण्याहून राजगुरुनगर, तिथून वाडा गावामार्गे भोरगिरी. रस्ता चासकमानच्या पाण्याच्या कडेकडेने जातो, डोळ्यांना बरं वाटतं. भोरगिरीला गाड्या कमी. भीमाशंकरला मात्र देवस्थानामुळे पुण्याची गाडी मिळते, आणि ती मंचर-घोडेगावमार्गे येत असल्याने अडीनडीला मंचरपर्यंत कुठलंही वाहन चालतं. मंचर नाशिक हायवेवर आहे, पुढे प्रश्न नाही.

वेळा मी इथे लिहीत नाही. आगार त्या बदलतं आणि मग लोक मला शिव्या घालतात. आदल्या दिवशी राजगुरुनगर स्टँडवर फोन करून विचारा. आणि पुण्यात शिवाजीनगरच्या जुन्या स्टँडवर जाऊन उभ्या राहू नका, गाड्या वाकडेवाडीहून सुटतात.

पायवाट

वरच्यांशी सहमत. अजून एक कारण गुडघ्याचं. भोरगिरी खाली आहे, भीमाशंकर वर. वाट साधारण भीमेच्या उगमाच्या दिशेने, म्हणजे चढती जाते. चढ सौम्य आहे. अंतर सात-आठ किलोमीटर. तरुण पोरं तीन तासांत जातात, तुम्ही बसत-उठत पाच तास धरा.

सुरुवातीला भोरगिरी गावात नदीकाठी कोटेश्वराचं देऊळ आहे. डबा तिथेच उघडलात तरी चालेल. पुढचा पहिला टप्पा मोकळा आहे, थोडी शेतं, थोडं झुडूप. बाबा म्हणतील, हेच का तुझं रान! त्यांना थोडं दमानं घ्यायला सांगा. मोठी झाडं गुप्त भीमाशंकर या वाटेवरच्या देवस्थानाच्या अलीकडे सुरू होतात. तिथून देवळापर्यंत उन्हाचे फक्त कवडसे पडतात. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा, मधेच एखादा जुना रायवळ आंबा. वारा खाणाऱ्या माथ्यावर हीच झाडं ठेंगणी राहतात, घळीत मात्र सरळसोट वाढलेली दिसतात. त्यामुळे झाडं बघायची तर ओढ्यांच्या बाजूला रेंगाळा.

वाट बऱ्यापैकी मळलेली आहे. गुरांच्या आडवाटा मधे फुटतात, तिथे गोंधळ होऊ शकतो. भोरगिरीतून एखादा गावकरी सोबत घ्या आणि त्याचे पैसे आधी ठरवा. मोबाइलची रेंज गृहीत धरू नका.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. ही वाट भीमाशंकरला देवळाच्या अंगाने बाहेर येते आणि एसटी स्टँड वर आहे. म्हणजे दिवसभर चालून झाल्यावर शेवटी दोनशेहून जास्त पायऱ्या चढायच्या. त्याचा दम राखून ठेवा.

कर्जतवाला

आमच्या बाजूने पण या की. कर्जतहून खांडस आणि तिथून गणेश घाटाने भीमाशंकर. खरा घाटचढ तो!

पायवाट

@कर्जतवाला, घाट झकास आहे, पण पाऊण सह्याद्री एका दमात चढायचा. ६७ वर्षांच्या माणसाला पहिल्याच खेपेला नको. आणि त्या बाजूचा शिडी घाट तर चर्चेतही आणू नका.

घोडकाठचा

मी आंबेगाव तालुक्यातला. त्यामुळे पक्षपात गृहीत धरा.

भोरगिरीची वाट चांगलीच आहे, पण ताईंच्या बाबांना जे हवंय ते आहुप्याला जास्त आहे. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. कुऱ्हाड तर नाहीच, पण वाळलेली काटकीसुद्धा सरपणाला आणायची नाही असा दंडक. पडलेलं झाड जागेवरच कुजतं, त्यावर बुरशी येते, त्यातून नवी रोपं उठतात. जुनं रान ओळखायची माझी खूण हीच. नुसते जाड बुंधे बघू नका, जमिनीवर काय पडलंय ते बघा. पडलेलं खोड तिथंच असेल तर माणसाने हात आखडता घेतलाय असं समजा. माधव गाडगीळ आणि वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला. त्याआधी शहरातल्या लोकांना हे फक्त अंधश्रद्धेचं प्रकरण वाटायचं. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना रान राखण्याचं मोल आधीच ठाऊक होतं, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आहुप्याच्या राईत गारंबीचे वेल बघा. माणसाच्या मांडीएवढे जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले. शेंग हातभर लांब. बी खिशात घालायचा मोह होतो, घालू नका. राईत शिरताना चपला कुठे काढायच्या, कुठल्या भागात जायचं नाही, हे गावात विचारा. विचारलेलं लोकांना आवडतं.

अडचण लालपरी_भक्तांनी सांगितली तीच. घोडेगावहून डिंभे धरणाच्या पाण्याला वळसा घालत एसटी येते, पण त्याच दिवशी परतायचं म्हटलं तर धावतपळत बघणं होईल. त्यामुळे मुक्काम करा. गावात घरगुती जेवण मिळतं, आधी कळवायला हवं. सकाळी उठून कड्यावर जा, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगड उभे दिसतात. बाबांना दगड नकोत म्हणालात, पण हे दुरून बघायला हरकत नसावी.

दिवाभीत

दिवाळीनंतर का? रात्री चमकणारी बुरशी बघायची तर पावसाळ्यात जायला हवं.

घोडकाठचा

@दिवाभीत, पावसाळ्यात निसरड्या वाटेवर ज्येष्ठ माणूस आणि वर श्रावणातली गर्दी. त्यात अभयारण्यात रात्री भटकायला परवानगी नाही. दिवाळीनंतरच बरं. ओढ्यांना पाणी असतं आणि हवा कोरडी.

सोनसळी

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. पडलेल्या खोडाची खूण त्यांना फार पटली. तळजाईवर वाळकं लाकूड उचलून नेणाऱ्यांवर आता ते लक्ष ठेवणार म्हणे.

आता ठरलंय ते असं. आधी भोरगिरी ते भीमाशंकर, एका दिवसात. बाबांना ते झेपलं तर थंडीत आहुपे, मुक्कामाने. पायऱ्यांचं आधी कळलं हे फार बरं झालं, खालच्या दुकानांत चहा घेऊन मग चढू.

एक शेवटची शंका. बाबांना शेकरू, म्हणजे ती मोठी खार, बघायचंच आहे. दिसतं का हो खरंच, की फक्त माहितीफलकावर?

पायवाट

दिसतं. त्याच्यासाठीच तर १९८५ साली भीमाशंकरला अभयारण्य झालं. पण आधी आवाज येतो, कोरडा खडखडाट केल्यासारखा. मग मान वर. पाठ तांबूस-तपकिरी, पोट फिकट पिवळट, शेपटी अंगाएवढीच लांब. ते सहसा जमिनीवर उतरत नाही, फांदीवरून फांदीवर उडी घेत जातं. त्यामुळे जिथे वर झाडाला झाड टेकलेलं आहे तिथेच शोधा. फांद्यांच्या टोकाला काटक्या-पानांचे मोठे गोल घोस दिसतील, ती त्याची घरटी. एकच शेकरू अशी अनेक बांधतं, तेव्हा घरटं दिसलं म्हणून खाली तासभर उभं राहू नका. दुपारी ते फांदीवर पसरून झोपतं. तुम्ही भोरगिरीहून निघून गुप्त भीमाशंकरपाशी नेमक्या भर दुपारी पोहोचाल. तिथे सतरंजी टाकून उन्हं कलेपर्यंत बसा, पण परतीच्या गाडीचा हिशोब ठेवून.

लालपरी_भक्त

आणि बाबांचं आधार कार्ड सोबत ठेवा. अर्ध्या तिकिटाला कंडक्टर वय बघतो. झेरॉक्स चालेल की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा मूळ कार्डच न्या.