‘देलेन्दा’चे मराठी: ‘करायची आहे’ की ‘केली पाहिजे’?

धागाकर्ता: विषय कोणताही असो, प्राचीन रोमचा राजकारणी थोरला कॅटो तिथल्या सिनेटमधील भाषणाच्या शेवटी कार्थेज (उत्तर आफ्रिकेतील रोमची प्रतिस्पर्धी नगरी) नष्ट करण्याचा आग्रह धरत असे. त्याचे हे मत ‘कार्थागो देलेन्दा एस्त’ या लॅटिन शब्दांत प्रसिद्ध आहे आणि मराठीत ते सहसा ‘कार्थेजचा नाश झालाच पाहिजे’ असे सांगितले जाते. या भाषांतरात मूळ रचनाच नाहीशी होते. ‘देलेन्दा’ हे ‘देलेरे’ (पुसून टाकणे, नष्ट करणे) या क्रियापदाचे कर्मणी विशेषण (‘जिला नष्ट करायचे आहे अशी’) असून ‘कार्थागो’ या स्त्रीलिंगी नामाप्रमाणे ते चालते. मराठीत हीच घडण तयार आहे. ‘मिही लिबेर लेगेन्दुस एस्त’ म्हणजे मला ग्रंथ वाचायचा आहे. ‘मिही एपिस्तुला लेगेन्दा एस्त’ म्हणजे मला चिठ्ठी वाचायची आहे. व्यक्ती दोन्हीकडे चतुर्थीत, विशेषण दोन्हीकडे वस्तूच्या लिंगाचे. म्हणून ‘कार्थेज नगरी नष्ट करायची आहे’ असेच म्हणावे.

प्रतिसाद 1: असहमत. ‘मला नाटक पाहायचे आहे’ यात निव्वळ इच्छा असू शकते. लॅटिन रूपात मात्र कर्तव्य असते. संस्कृतातील ‘कर्तव्य’मधल्या ‘तव्य’ प्रत्ययापासून आलेले ‘करावी’ हे रूप अर्थाने अधिक जवळचे आहे.

धागाकर्ता: ‘नष्ट करावी’ हे आजच्या कानाला अर्जातल्या विनंतीसारखे वाटते आणि कॅटो विनंती करत नव्हता. शिवाय ‘मला’ काढून टाकले की इच्छाही उरत नाही. ‘ही भिंत पाडायची आहे’ या वाक्यात कोणाची हौस दिसत नाही, ठरलेले काम दिसते.

प्रतिसाद 2: ‘ठरलेले’ हाच आक्षेपाचा मुद्दा आहे. कॅटो बोलत होता तेव्हा काहीही ठरलेले नव्हते. सिनेटचाच सदस्य स्किपिओ नासिका त्याच सभागृहात कार्थेज टिकले पाहिजे असे तितक्याच ठामपणे मांडत होता, आणि रोम व कार्थेजमधले तिसरे प्युनिक युद्ध त्यानंतर, इ.स.पू. 149 मध्ये सुरू झाले. निर्णयाआधीच्या वादातले वाक्य निर्णयानंतरच्या भाषेत नेणे मला पटत नाही. लिंगाची जुळणी राखायची असेल, तर ‘कार्थेज नगरी नष्ट केली पाहिजे’ हे वाक्य पाहावे: ‘केली’ नगरीप्रमाणे चालते, ‘पाहिजे’तून कर्तव्य व्यक्त होते, आणि लॅटिनमध्ये नसलेला ‘च’ही त्यात शिरत नाही.